वाचकांचे प्रश्न : जुन्या घरगुती संगणकाला हार्ड डिस्क जोडताना

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी खान्देशातील चार वाचकांची पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. माळ्यावर, शाळेच्या अडगळीच्या खोलीत किंवा पेढीच्या जुन्या कपाटात पडून राहिलेले १९८०च्या दशकातील संगणक त्यांना पुन्हा वापरात आणायचे आहेत, आणि टेपरेकॉर्डर किंवा फ्लॉपीवर विसंबून न राहता त्यांना हार्ड डिस्क जोडायची आहे. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत. पहिले उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या पत्रांतील अनेक शंका त्यातच मिटतात.

प्रश्न : आमच्या शाळेला १९८०च्या दशकात मिळालेला बीबीसी मायक्रो मॉडेल बी हा संगणक भंगारात निघाला, तेव्हा मी तो रीतसर पावती करून घरी आणला. टीव्हीला जोडल्यावर पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ आणि त्याखाली ‘बेसिक’ एवढीच अक्षरे उमटतात. कळपाट उत्तम चालतो. यंत्राच्या पोटाखाली ४० पिनांची एक खाच आहे आणि नातवाच्या जुन्या पेंटियम संगणकातून निघालेल्या ४० जीबीच्या हार्ड डिस्कलाही ४० पिनाच आहेत. एक सपाट रिबन केबल घेऊन ही डिस्क थेट जोडता येईल काय? त्या काळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलेले काही प्रोग्राम सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर आहेत, ते या डिस्कवर आणण्याची फार इच्छा आहे.
— एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : सर, पत्र मिळताच केबल जोडली नसेल अशी आशा आहे, कृपया ती मुळीच जोडू नये. पिनांची संख्या जुळली म्हणजे जोडणी जुळली असे या यंत्राच्या बाबतीत कधीही धरून चालू नये. बीबीसी मायक्रोच्या पोटाखाली, समोरून पाहता डावीकडून उजवीकडे, आधी वीज बाहेर देणारी खाच, मग फ्लॉपी ड्राइव्ह, प्रिंटर, यूजर पोर्ट, एक मेगाहर्ट्झ बस आणि अगदी उजवीकडे ट्यूब अशा जागा ओळीने येतात. आपण पाहिलेली ४० पिनांची खाच ही ट्यूब होय. तिचा उपयोग दुसरा प्रोसेसर जोडण्यासाठी होतो, डिस्कसाठी नव्हे. ट्यूबच्या काही पिनांवर थेट ५ व्होल्टचा पुरवठा असतो, आणि आयडीई डिस्कच्या (म्हणजे नातवाच्या डिस्कसारख्या जोडणीच्या डिस्कच्या) ४० पिनांमध्ये पुरवठ्याची तार नसतेच, कारण तिला वीज वेगळ्या चार तारांच्या जोडणीतून मिळते. म्हणजे यंत्राचे ५ व्होल्ट डिस्कच्या संकेतांच्या तारांवर जाऊन आदळतील, आणि त्यात डिस्क जाईल की यंत्र, हे सांगता येत नाही. असाच दुसरा फसवा योग म्हणजे फ्लॉपीची खाच आणि एक मेगाहर्ट्झ बसची खाच या दोन्ही ३४ पिनांच्या आहेत. त्यामुळे पिना मोजत बसण्यापेक्षा खाचेजवळ छापलेले नाव बॅटरीच्या उजेडात वाचावे आणि केबलच्या टोकाला चिकटपट्टी लावून त्यावर ते लिहून ठेवावे.

आता मूळ मुद्दा. या यंत्राला हार्ड डिस्क जोडता येते. किंबहुना ती जोडण्याची सोय त्याच्या निर्मात्यांनी, म्हणजे एकॉर्न कंपनीने, स्वतःच केली होती. १० आणि ३० एमबी क्षमतेच्या ‘विंचेस्टर’ डिस्क एका स्वतंत्र पेटीत मिळत आणि त्या एक मेगाहर्ट्झ बसला जोडल्या जात. मुख्यतः अनेक यंत्रांचे जाळे असलेल्या शाळा त्या वापरीत. आपल्याकडे केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि त्यात बीबीसी मायक्रो शाळाशाळांतून पोहोचले. आपले यंत्रही बहुधा त्याच वाटेने आले असावे.

बस म्हणजे उपकरणांशी माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या तारांचा संच, आणि एक मेगाहर्ट्झ बस हे नाव शब्दशः खरे आहे. यंत्रातील ६५०२ प्रोसेसर एरवी २ मेगाहर्ट्झ वेगाने चालतो, पण या बसवरील उपकरणाशी बोलताना तेवढ्यापुरता आपला वेग निम्मा करतो. बसवर माहितीच्या तारा ८ असतात, तर आयडीई डिस्क १६ तारांवर माहिती देते. मध्ये एक छोटे इंटरफेस कार्ड घालावे लागते ते यासाठी. अनेक साध्या कार्डांमध्ये वरच्या ८ तारा चक्क सोडून दिलेल्या असतात. परिणामी डिस्कच्या ५१२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरमधील (म्हणजे माहिती ठेवण्याच्या कप्प्यातील) निम्मेच, म्हणजे २५६ बाइट वापरले जातात आणि उरलेली निम्मी जागा रिकामी राहते. ऐकायला हा अपव्यय वाटतो. पण या यंत्राची एडीएफएस ही फाइलव्यवस्था (डिस्कवर फाइली ठेवण्याचे व शोधण्याचे काम करणारा प्रोग्राम) नेमके २५६ बाइटचेच सेक्टर मानते, त्यामुळे एक डिस्क-सेक्टर बरोबर एक एडीएफएस-सेक्टर असा हिशेब बसतो आणि सॉफ्टवेअरला जोडतोड करावी लागत नाही. संकलकांच्या मते ही या सगळ्या प्रकरणातील सर्वांत देखणी युक्ती आहे.

४० जीबीचे मात्र विसरावे. एडीएफएसमध्ये सेक्टरचा क्रमांक २१ बिटांत लिहिला जातो. म्हणजे जास्तीत जास्त २०,९७,१५२ सेक्टर, आणि प्रत्येकी २५६ बाइटप्रमाणे ते ५१२ एमबी होतात. त्यापलीकडची डिस्क या यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसते. तरीही ही जागा कमी समजू नये. ४० ट्रॅकच्या एका बाजूच्या फ्लॉपीवर १०० केबी मावते; त्या मापाने ५१२ एमबीमध्ये अशा पाच हजारांहून अधिक फ्लॉप्या बसतात. आपल्या विद्यार्थ्यांचे सगळे प्रोग्राम मिळून त्यातील एखादा कोपराच भरेल.

कार्ड बसवले तरी फाइलव्यवस्था रॉममध्ये, म्हणजे कायमचा प्रोग्राम साठवणाऱ्या चिपमध्ये, असल्याखेरीज यंत्राला डिस्कची ओळख पटत नाही. आपल्या पडद्यावर ‘बेसिक’ एवढेच दिसते, ‘एकॉर्न डीएफएस’ (फ्लॉपीची फाइलव्यवस्था) अशी ओळ दिसत नाही, याचा अर्थ यंत्रात फ्लॉपीचीही रॉम नाही आणि बहुधा फ्लॉपी नियंत्रकाची चिपही नाही. खात्रीसाठी तारांकन (*) देऊन ‘डिस्क’ असा हुकूम द्यावा. ‘बॅड कमांड’ असे उत्तर आले की शंका उरत नाही. हार्ड डिस्कसाठी एडीएफएसची रॉम लागते, आणि तीही आयडीई कार्डासाठी सुधारलेली हवी, कारण मूळ रॉम एकॉर्नच्या जुन्या विंचेस्टर पेटीशी बोलण्यासाठी लिहिलेली आहे. ही १६ केबीची रॉम २७१२८ जातीच्या ईप्रॉमवर (कोरी मिळणाऱ्या रॉम-चिपवर) लिहून घेता येते. यंत्राचे झाकण उघडल्यावर कळपाटाखाली पुढच्या उजव्या भागात रॉमच्या खाचांची ओळ दिसते. त्यातील रिकाम्या खाचेत ती बसवावी. बसवताना चिपच्या कडेची अर्धगोल खूण शेजारच्या चिपच्या खुणेच्याच दिशेला आहे ना हे पाहावे, आणि पाय वाकडे न होता एकेक खाचेत उतरत आहेत हे डोळ्यांनी तपासून मगच दाब द्यावा. जुन्या खाचांत धूळ आणि गंज असतो, त्यामुळे आधीच्या चिपा एकदा उचलून पुन्हा बसवल्यानेही अनेक दुखणी दूर होतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: चालू होताना सर्वांत वरच्या क्रमांकाच्या खाचेतील फाइलव्यवस्था ताबा घेते, आणि सर्वांत उजवीकडची खाच ही १५ क्रमांकाची, म्हणजे सर्वांत वरची असते.

एक मेगाहर्ट्झ बसवर विजेची तार नाही, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. कार्डाला आणि डिस्कला लागणारी वीज अन्य ठिकाणाहून घ्यावी लागते. पोटाखालच्या डावीकडील खाचेतून ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट मिळतात, पण प्रत्येकी सव्वा अँपिअरच्या आसपासच. साडेतीन इंची फिरती डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर क्षणभर त्याहून बराच जास्त प्रवाह ओढते. तेव्हा नातवाची डिस्क या खाचेवर चालवू नये. आमचे स्पष्ट मत असे आहे की आठ-बिटी यंत्राला खरी फिरती डिस्क जोडण्याचा हट्टच धरू नये. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड (फिरता भाग नसलेले स्मृतिकार्ड) हे आयडीई डिस्कसारखेच बोलते, ५ व्होल्टवर चालते, १२ व्होल्ट मागतच नाही, आवाज करत नाही आणि तापतही नाही. मे महिन्यात अमळनेर-जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा बंद पेटीत फिरणाऱ्या वीस वर्षे जुन्या डिस्कवर आठवणी सोपवण्यात शहाणपण नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करणे अत्यावश्यक आहे. यंत्राच्या आतील वीजपुरवठ्याच्या पेटीत, मुख्य विजेच्या वाटेवर, पिवळसर पारदर्शक आवरणाचे दोन कपॅसिटर असतात. चाळीस वर्षांत त्यांच्या आवरणाला केसासारखे बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आतल्या कागदात मुरते, आणि एके दिवशी यंत्र सुरू असतानाच फट् आवाज होऊन खोलीभर जळका धूर होतो. बहुतेक वेळा यंत्र त्यानंतरही चालूच राहते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. हे दोन्ही कपॅसिटर, म्हणजे ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे, एक्स-२ वर्गाचे आणि २७५ व्होल्ट एसीचे नवे घालून घ्यावेत. हे काम घरी करू नये. पेटीतील मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही सुमारे ३२५ व्होल्ट काही वेळ टिकून राहू शकतात. जळगावात मोबाइल आणि टीव्हीच्या पॉवर सप्लायची दुरुस्ती करणारे कुशल कारागीर भरपूर आहेत. त्यांच्यासाठी हे अर्ध्या तासाचे काम आहे. त्यांना यंत्र ओळखीचे नसले तरी अडत नाही, पुरवठ्याची पेटी तेवढी काढून न्यावी.

आता आपल्या गरजेकडे पाहू. आपल्याला हार्ड डिस्कचा अनुभव हवा आहे की फक्त प्रोग्राम सुरक्षित आणि सहज उघडणारे हवे आहेत? दुसरे असेल तर आम्ही एक मेगाहर्ट्झ बसच्या वाटेला न जाता यूजर पोर्टला एसडी कार्ड जोडण्याचा सल्ला देऊ. कार्ड ३.३ व्होल्टवर चालते आणि पोर्ट ५ व्होल्टचा, म्हणून मधल्या छोट्या पट्टीवर व्होल्टेज उतरवण्याची सोय असलीच पाहिजे. त्यासाठी एमएमएफएस नावाची रॉम मिळते. ती एसडी कार्डावरील एकाच मोठ्या फाइलीत २०० केबीच्या ५११ फ्लॉप्या ठेवते, आणि ती फाइल आजच्या कुठल्याही संगणकावर कॉपी करता येते. खर्च कमी, डाग देण्याचे काम कमी, आणि जुने फ्लॉपीवरचे प्रोग्राम जसेच्या तसे चालण्याची शक्यता अधिक. आयडीई आणि एडीएफएसचा मार्ग अधिक ऐसपैस आहे: डीएफएसमध्ये एका फ्लॉपीवर ३१ फाइली आणि ७ अक्षरी नावे एवढीच मुभा, तर एडीएफएसमध्ये फोल्डरात फोल्डर, प्रत्येकात ४७ नोंदी आणि १० अक्षरी नावे. मात्र तिथे शिस्त पाळावी लागते. एडीएफएसला प्रत्येक फाइल सलग जागेतच ठेवावी लागते; पुष्कळ फाइली पुसल्या की रिकाम्या जागेचे तुकडे होतात आणि जागा शिल्लक असूनही ‘कॉम्पॅक्शन रिक्वायर्ड’ अशी तक्रार येते. मग ‘कॉम्पॅक्ट’ हा हुकूम द्यावा लागतो, आणि तो देण्यापूर्वी स्मृतीतील प्रोग्राम जतन करून ठेवावा.

दोन्ही मार्गांत एक किंमत मोजावी लागते, ती स्मृतीची. टेपवर चालणाऱ्या नुसत्या यंत्रात, सर्वांत बारीक चित्रांच्या शून्य क्रमांकाच्या मोडमध्ये पडद्यालाच २० केबी जातात आणि बेसिक प्रोग्रामसाठी ८,७०४ बाइट उरतात. डीएफएसची रॉम बसवली की ती स्वतःसाठी २,८१६ बाइट घेते आणि शिल्लक ५,८८८ बाइटवर येते. एडीएफएस याहूनही थोडी अधिक जागा घेते. त्यामुळे केवळ टेपसाठी लिहिलेला एखादा मोठा प्रोग्राम डिस्कवरून ‘नो रूम’ म्हणून थांबला, तर दोष डिस्कचा समजू नये. आपल्या विद्यार्थ्यांचे प्रोग्राम मुळातच फ्लॉपीवर लिहिलेले असल्याने डीएफएससारख्या एमएमएफएसमध्ये ही अडचण सहसा येणार नाही, हे त्या सल्ल्यामागचे आणखी एक कारण.

फ्लॉप्या वाचण्याचे काम हार्ड डिस्कच्याही आधी हाती घ्यावे. त्या उजेडात तिरप्या धरून चकतीवर पांढुरके ठिपके दिसतात का ते पाहावे. ती बुरशी असेल तर फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नये; ड्राइव्हचे डोके घासून चकतीवर चर पडतो आणि ती माहिती कायमची जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापसाने चकती हलक्या हाताने पुसून, पूर्ण वाळवून मगच वाचावी. बीबीसीच्या डीएफएस फ्लॉप्या एकेरी घनतेच्या असतात आणि अनेक नव्या पीसींचे फ्लॉपी नियंत्रक त्या वाचू शकत नाहीत. यासाठी ग्रीझविझल नावाचे छोटे यूएसबी कार्ड आणि एक चालू सव्वापाच इंची ड्राइव्ह लागते. ते चकतीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपते, अर्थ लावण्याचे काम नंतर सॉफ्टवेअर करते. अशा रीतीने काढलेली प्रतिमा (फ्लॉपीची हुबेहूब प्रत असलेली फाइल) थेट एमएमएफएसच्या फाइलीत घालता येते.

विषयाला सोडून एक वाक्य लिहिण्याचा मोह होतो: १९४५ मध्ये आपल्याच गावात वनस्पती तेल-तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे १९८०च्या दशकात संगणक बनवू लागली आणि विप्रो या नावाने जगभर गेली. अमळनेरात एक जुने यंत्र पुन्हा सुरू होत असेल तर ते गावाला साजेसेच आहे.

प्रश्न : आमच्या जिनिंगच्या पेढीत १९८०च्या दशकाअखेर घेतलेला पीसी-एक्सटी जातीचा संगणक आहे. त्यातील २० एमबीच्या डिस्कवर वडिलांच्या काळचे रुई-सरकीचे हिशेब आहेत. हिवाळ्यात सकाळी सुरू केला तर ‘सेक्टर नॉट फाउंड’ असे येते आणि दुपारी तीच डिस्क व्यवस्थित चालते. एका तंत्रज्ञाने पुन्हा लो-लेव्हल फॉरमॅट करून देतो असे सांगितले. करावे काय? आणि या डिस्कच्या जागी नवी कशी जोडावी?
— एक व्यापारी, भुसावळ

उत्तर : फॉरमॅट करू देऊ नका; त्यात हिशेब पुसले जातील. आपण वर्णन केलेले लक्षण त्या काळच्या डिस्कांमध्ये अगदी ओळखीचे आहे. आपल्या डिस्कवर एसटी-२२५ असे लिहिलेले असल्याचे आपण कळवले आहे. या डिस्कमध्ये डोके सरकवण्याचे काम स्टेपर मोटर करते, म्हणजे ठरावीक पावले टाकून ते ट्रॅकवर नेले जाते. डोके ट्रॅकच्या नेमके मधोमध आले की नाही हे तपासणारी यंत्रणा तिच्यात नाही. तापमानाने धातू प्रसरण आणि आकुंचन पावतो, आणि दुपारच्या उष्णतेत लिहिलेला ट्रॅक जानेवारीच्या सकाळी किंचित बाजूला पडतो. आपल्या भागात मे आणि जानेवारी यांमधील तफावत मोठी असल्याने हे दुखणे ठळकपणे दिसते.

म्हणून डिस्क अर्धा-पाऊण तास नुसती फिरत ठेवावी, तापू द्यावी, आणि मगच हिशेबांची प्रत काढावी. ३६० केबीच्या फ्लॉप्यांवर काढायची म्हटली तर पूर्ण भरलेल्या डिस्कसाठी साठ फ्लॉप्या लागतील. त्यापेक्षा सिरियल पोर्ट आणि (दोन संगणक थेट जोडणाऱ्या) नल-मोडेम केबलने दुसऱ्या जुन्या संगणकावर पाठवणे सोयीचे, एमएस-डॉस ६.२२ मधील इंटरलिंक हे काम करते. प्रत निघेपर्यंत डिस्क आणि तिचे नियंत्रक कार्ड एकमेकांपासून वेगळे करू नयेत, कारण एका जातीच्या कार्डाने लिहिलेली डिस्क दुसऱ्या जातीचे कार्ड सहसा वाचत नाही. यंत्र जागचे हलवण्यापूर्वी डोके सुरक्षित जागी नेणारा ‘पार्क’ हा प्रोग्राम चालवावा, ही डिस्क ते आपोआप करत नाही. तंत्रज्ञाला आणखी एक ताकीद द्यावी: या डिस्कची ३४ तारांची केबल आणि फ्लॉपीची ३४ तारांची केबल दिसायला सारख्या असतात, दोन्हींत काही तारांना पीळ दिलेला असतो, पण तो पीळ वेगवेगळ्या तारांना असतो. फ्लॉपीच्या केबलमध्ये तो १० ते १६ या तारांना, तर हार्ड डिस्कच्या केबलमध्ये २५ ते २९ या तारांना असतो. अदलाबदल झाली की चांगली डिस्कही मेलेली भासते.

नव्या डिस्कसाठी एक्सटी-आयडीई हे ८-बिट आयएसए खाचेत बसणारे कार्ड घ्यावे. त्याचा आराखडा खुला आहे, त्यावर स्वतःची बायोस रॉम असते आणि त्याला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड जोडता येते. पेढीचे जुने सॉफ्टवेअर डॉस ३.३ वरच चालवायचे असेल तर डिस्कचा प्रत्येक विभाग (पार्टिशन) ३२ एमबीपेक्षा मोठा करता येणार नाही, आणि ते पुरेसेही आहे. डॉस ६.२२ घातल्यास २ जीबीपर्यंत जाता येते, पण एवढा मोठा विभाग केल्यास ८०८८ प्रोसेसरला मोकळी जागा मोजतानाच धाप लागते. लहान विभाग करावेत.

प्रश्न : माझ्याकडे काकांचा स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती संगणक आहे. गेम टेपवरून भरताना मिनिटेच्या मिनिटे जातात आणि शेवटी चूक येते. याला हार्ड डिस्क जोडता येते का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : जोडता येते. डेसिबेल्स या भारतीय कंपनीने परवान्याने विकलेल्या स्पेक्ट्रम प्लसलाही हेच लागू पडते. २००२च्या सुमारास चेक प्रजासत्ताकातील हौशी मंडळींनी तयार केलेले डिव्हाइड हे कार्ड आयडीई डिस्क किंवा कॉम्पॅक्टफ्लॅश वापरते; पुढे आलेले डिव्ह-एमएमसी एसडी कार्ड वापरते. आपण दुसरे घ्यावे. त्यावरील ईएसएक्सडॉस ही व्यवस्था आजच्या संगणकावर फॅट पद्धतीने तयार केलेले कार्ड थेट वाचते, आणि टेपवर पाच मिनिटे घेणारा गेम काही सेकंदांत सुरू होतो.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. स्पेक्ट्रमचा पुरवठा ९ व्होल्टचा असतो आणि त्याच्या पिनेच्या मध्यभागी ऋण असते. बाजारातील बहुतेक अडॅप्टरांच्या मध्यभागी धन असते. तो तसाच घातला तर यंत्र दगावू शकते. म्हणून नवा अडॅप्टर घेतल्यास आधी मल्टिमीटरने ध्रुव तपासून घ्यावेत. दुसरे, मागच्या उघड्या कडेला कार्ड घालताना किंवा काढताना वीज पूर्ण बंद असलीच पाहिजे. ती कड कापसावर अल्कोहोल घेऊन पुसावी, आणि कार्ड बसवल्यावर यंत्र टेबलावर सरकवू नये, कारण जोड किंचित हलला तरी पडदा गोठतो.

प्रश्न : आमच्याकडे वीज वारंवार जाते. मी बीबीसी मायक्रोला आयडीई कार्ड आणि कॉम्पॅक्टफ्लॅश बसवले आहे. परवा वीज गेली आणि त्यानंतर ‘ब्रोकन डिरेक्टरी’ असे येते. कार्ड खराब झाले का?
— एक शेतकरी वाचक, शहादा

उत्तर : कार्ड बहुधा शाबूत आहे, त्यावरील नोंदवही अर्धवट लिहिली गेली आहे. एडीएफएस फाइल लिहिताना फोल्डरची यादी आणि रिकाम्या जागेचा नकाशा या दोन्ही गोष्टी बदलते. या दोहोंच्या मध्ये वीज गेली की ‘ब्रोकन डिरेक्टरी’ किंवा ‘बॅड एफएस मॅप’ अशी चूक येते. या अवस्थेत कार्डावर काहीही नवे लिहू नये. ते काढून आजच्या संगणकाला जोडावे आणि पूर्ण कार्डाची प्रतिमा-फाइल तयार करावी. विंडोज ‘हे फॉरमॅट करायचे का’ असे विचारेल, तेव्हा ठामपणे नकार द्यावा. दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. मूळ फोल्डर शाबूत असेल तर बाकीच्या फाइली वाचता येतात आणि त्या दुसऱ्या कार्डावर उतरवता येतात.

पुढच्यासाठी एक छोटा यूपीएस पुरेसा आहे. घरातील स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरींची वीज देत असेल तर जुन्या ट्रान्सफॉर्मरचे अडॅप्टर त्यावर गुणगुणतात आणि तापतात, त्यामुळे शुद्ध साइन लहरी देणारा घ्यावा. काम संपले की तारांकन देऊन ‘बाय’ हा हुकूम द्यावा. तो उघड्या फाइली बंद करतो, आणि मगच बटण बंद करावे. महिन्यातून एकदा कार्डाची प्रतिमा काढून तिच्या नावात तारीख घालावी, आणि मागची प्रतिमा तोवर पुसू नये जोवर नवी उघडून तिच्यातील दोन-चार प्रोग्राम प्रत्यक्ष चालवून पाहिलेले नाहीत.